अर्धी गोळी, चार दारं

नानांच्या दुकानात शिरलेल्या कोणाला सांगूनही पटलं नसतं की हा माणूस कशाला तरी घाबरत असेल. चष्म्यांचं दुकान. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवून नाना एकेक भिंग बदलायचे आणि मऊ आवाजात विचारायचे, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" गोंधळायचं ते गिऱ्हाईक. नाना कधीच नाही. दिसेल न दिसेल असा स्क्रू चिमट्यात धरून ते चष्म्याच्या दांडीत बसवायचे, तेव्हा हात तसूभर हलत नसे.

याच नानांना गेल्या वर्षी एका हौशी नाटकात काम करताना भर प्रयोगात दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली आणि आपण आता मरणार अशी त्यांची खात्रीच झाली. संवाद अर्धवट टाकून ते सेटवरच्या खिडकीतून चालते झाले. नाटकातलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, त्यामुळे प्रेक्षकांनी हसून हसून टाळ्या वाजवल्या. नाना मात्र घरी येऊन कितीतरी दिवस धड जेवले नाहीत. पुढे पुढे ती धडधड दुकानातही यायला लागली, बसच्या रांगेतही. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई बोलायला फटकळ, पण तपासायला सावकाश. हृदय पाहिलं, रक्त पाहिलं, आणि म्हणाल्या, "यंत्र ठणठणीत आहे. भोंगा उगाच वाजतोय." त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, श्वासाचे व्यायाम शिकवले, आणि काही आठवड्यांपुरती एक बारीक पांढरी गोळी दिली.

"आता नीट ऐका. सांगितली तेवढीच घ्यायची. हिच्याबरोबर दारू नाही, सर्दीखोकल्याची गुंगी आणणारी औषधं नाहीत. दुसरं काही सुरू करायचं असेल तर आधी मला विचारायचं. गाडी चालवायची नाही. आणि ही गोळी तुमची आहे. तुमचं वय, तुमची तब्येत बघून दिलेली. ती वाटायची नाही."

"छे छे, मी कशाला वाटतोय!" नाना म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात."

"स्कूटर मी चालवते," बायको म्हणाली. "हे मागे बसतील. तशाही यांना मागे बसून सूचना द्यायला आवडतात."

गोळीने नानांना खरंच उतार पडला. झोप लागायला लागली, रांगेत उभं राहता यायला लागलं. समुपदेशकाशी बोलताना सुरुवातीला नुसतं खाकरणारे नाना हळूहळू बोलायला लागले. आणि एका संध्याकाळी ते बिचकत बिचकत पुन्हा तालमीच्या हॉलमध्ये शिरले.

तिथे सगळी हौशी मंडळी. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले सर दिग्दर्शक. गळ्यातली शिट्टी त्यांनी निवृत्तीनंतरही उतरवली नव्हती. बेकरीवाला तक्क्या कर्नलची भूमिका करायचा. अंगाने तो खरोखरच तक्क्यासारखा होता आणि या नावाला त्याची काही हरकत नव्हती. बँकेत काम करणारी ताई मोलकरीण व्हायची. नानांची बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. त्या विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायच्या.

नाटक फार्स होतं. नाना घरमालक. बायकोला, म्हणजे बाईसाहेबांना, न विचारता त्याने एकच खोली तीन भाडेकरूंना देऊन टाकलेली. चार दारं, एक कपाट, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पळापळ.

या मंडळींची एक खोड होती. प्रयोग रंगला, की त्या दिवशी ज्याने जे केलं ते पुढच्या प्रयोगाला जसंच्या तसं करायचं. तक्क्याने बनियन उलटं घातलं असेल, तर पुढेही उलटंच. ताईने विंगेत उभ्याने केळं खाल्लं असेल, तर खुर्ची रिकामी असली तरी उभ्यानेच. सर त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत. बँकेत दिवसभर आकडेमोड करणारी ताईसुद्धा इथे आली की मुकाट्याने केळं सोलायची.

पहिला प्रयोग असा रंगला की विचारू नका. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. प्रयोग दुपारचा होता. नानांच्या गोळीची वेळ झाली म्हणून त्यांनी विंगेत ती पाण्याबरोबर घेतली होती. सरांनी ते पाहिलं. बस, तेवढं पुरे झालं.

मधल्या दिवसांत डॉक्टरीणबाई नानांना म्हणाल्या होत्या, "छान चाललंय. आता पुढच्या आठवड्यापासून गोळी हळूहळू कमी करू." नानांनी मान डोलावली, पण चेहरा उतरला. गोळी आहे म्हणून मी उभा राहतो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ती गेली की पुन्हा धडधड, पुन्हा घाम, आणि रंगमंच कायमचा तुटला. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दुसऱ्या प्रयोगाच्या दुपारी रंगपटात सरांनी हजेरी घ्यावी तसं एकेकाला विचारलं. "बनियन?" "उलटं!" "केळं?" "खाल्लं!" "नाना, गोळी?"

"आत्ताच घेतली."

"शाबास." सर थोडं घुटमळले. "नाना, कशाची हो ती? मागच्या वेळी तुम्ही काय खेळलात! नुसतं लोणी."

"भीतीची आहे. म्हणजे, भीती कमी व्हायची."

"मग मला द्या की एक," तक्क्या म्हणाला. सर्दीने त्याचं नाक लाल झालं होतं. "आज माझे साडूसाहेब आलेत पुढच्या रांगेत. माझे हातपाय गार पडलेत."

"नाही रे, ती डॉक्टरांनी मला..."

"अर्धी द्या! अहो, अर्ध्या गोळीने काय हत्ती मरतोय?"

"मलाही चालेल अर्धी," ताई म्हणाली. "कपाळावर बघा किती घाम आलाय, मेकअप उतरतोय."

"असं करा," सर म्हणाले, "सगळेच घेऊ. म्हणजे एकसूत्रीपणा येतो."

नानांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाईंचं बोट उभं राहिलं. पण 'नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे, आणि समोर तीन जणांचे हात पसरलेले. त्यांनी खिशातली छोटी पाती काढली, चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या रबरी गाद्या कापायची, आणि गोळ्यांचे नीटनेटके अर्धे तुकडे केले. वहिनी तेव्हा विंगेत स्टुलाचा लंगडा पाय कागदाची घडी घालून सरळ करत होत्या. त्यांना यातलं काही कळलं नाही.

पडदा वर गेला. सुरुवातीची काही मिनिटं ठीक गेली. मग वहिनींच्या लक्षात आलं की नाटक पुढे सरकतच नाहीये.

मोलकरणीने दारातून धावत येऊन किंचाळायचं होतं, "आल्या! आल्या! बाईसाहेब आल्या!" ताई सावकाश चालत आली, टेबलावरचं फडकं सरळ केलं, आणि दूधवाला येऊन गेला अशा सुरात म्हणाली, "आल्या. बाईसाहेब आल्या."

"बरं झालं," नाना म्हणाले. कारण त्यावर घाबरावं असं समोर काहीच नव्हतं.

वहिनी विंगेतून ओरडल्या, "पळा!" कोणी पळेना. भाडेकरू झालेला एक जण, ज्याने गोळी घेतली नव्हती, तो बिचारा एकटाच चारही दारांतून आत-बाहेर करत राहिला. सरांनी शिट्टी तोंडात धरली होती, घाई करा अशी खूण म्हणून हळूच वाजवायची ठरलेली. ती त्यांनी वाजवलीच नाही. नुसते गोड हसत उभे राहिले. पुढे नाना म्हणायचे, अख्ख्या आयुष्यात सर इतके प्रेमळ दिसलेले आठवत नाहीत.

मग कपाटाचा प्रवेश आला. बाईसाहेबांच्या भीतीने कर्नल कपाटात लपतो, आणि दार उघडताच भुतासारखा बाहेर उडी मारतो. नानांनी दार उघडलं. तक्क्या आत हँगरांच्या मधोमध टेकून बसला होता, हनुवटी छातीवर, गाढ.

"कर्नलसाहेब?"

घोरणं.

"विश्रांती घेतायत," नानांनी प्रेक्षकांना सांगितलं आणि दार हलकेच लावून घेतलं. हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या रांगेतला साडू तर मांडीवर थापा मारत होता. पण नाना हसले नाहीत. त्यांना त्या घोरण्यात काहीतरी चुकलेलं ऐकू आलं. मध्येच ते थांबत होतं. फार वेळ थांबत होतं.

नानांनी पुढचे तीन प्रवेश गिळून टाकले आणि थेट शेवटचं वाक्य म्हटलं. पडदा पडला. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडलं, तक्क्याला हलवलं. तक्क्याने डोळे अर्धवट उघडले, आणि काहीतरी पुटपुटत पुन्हा मिटले.

"दमला असेल," सर म्हणाले. "झोपू द्या."

"पहाटे उठतो ना तो," ताई म्हणाली आणि जांभई दिली.

इथे नानांना गप्प बसता आलं असतं. सगळे तेच म्हणत होते, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मी दिली गोळी. तिघांनाही अर्धी अर्धी. अँब्युलन्स बोलवा!"

वहिनींनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. बोलायचं ते नंतर. तक्क्याला कुशीवर वळवून त्या त्याच्याजवळ बसल्या, श्वास बघत राहिल्या आणि विचारलं, "याने आणखी काय घेतलंय आज?"

कोटाच्या खिशात सर्दीच्या औषधाची बाटली निघाली, बरीच रिकामी. तेवढ्यात साडूसाहेब आत आले, हसून हसून डोळे ओले झालेले. "जेवताना आम्ही थोडी घेतली होती," ते म्हणाले, आणि तक्क्याकडे पाहताच त्यांचं हसू उतरलं. "घशाला बरं वाटावं म्हणून."

ताई गाडीची किल्ली शोधत होती. वहिनींनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "तू कुठेही गाडी चालवायची नाहीस. सर, तुम्हीही नाही. बसा इथे, एकमेकांकडे बघत."

हॉस्पिटलमध्ये नानांनी सगळं सांगितलं. कुठली गोळी, किती, किती वाजता, वर सर्दीचं औषध, त्याआधी दारू. एरवी दुकानाबाहेर स्वतःचा पत्ता सांगतानाही अडखळणारा माणूस, पण त्या दिवशी एक शब्द अडला नाही. तिथल्या डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "लवकर बोललात ते बरं केलंत. एकेकटं कदाचित निभावलं असतं. तिन्ही एकत्र आली की श्वासच मंदावतो."

दिवेलागणीला तक्क्या जागा झाला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माझ्या उडीला टाळ्या पडल्या का?"

"तू उडी मारलीच नाहीस, गाढवा," सर म्हणाले. आणि कवायतीच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या पोरांना रडवलेला तो माणूस कॉटचा दांडा धरून मुसमुसायला लागला.

घरी आल्यावर वहिनी नानांना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही ना? मग मला बोलवायचं. मला छान येतं." रागावल्या असत्या तर नानांना सोसलं असतं. हे सोसलं नाही. त्यांनी त्याच रात्री ठरवून टाकलं, आजपासून गोळी बंद. पाकीट कपाटाच्या तळाशी कोंबलं आणि कोणाला सांगितलं नाही.

दोनेक दिवसांत त्यांची दशा बघवेना. झोप नाही, घाम, हाताला कंप, चमचा पडला तरी दचकायचे. दुकानात स्क्रू चिमट्यातून उडाला तो सापडलाच नाही. उलट गिऱ्हाइकानेच विचारलं, "नाना, आता बरं दिसतंय का?" तेव्हा वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं, नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत नानांनी एकही सूचना दिली नाही, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे वहिनींनी ओळखलं.

"आधी वाटलीत, आता एकदम तोडलीत," दोन्ही गोष्टी नानांकडून वदवून घेतल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, प्लास्टर घातलेल्या पायाचं काय करतो आपण? कायमचं ठेवतो का? आणि काढायचं म्हणून घरी हातोडा मारतो का?"

"मला वाटलं, शिक्षा म्हणून..."

"शिक्षा द्यायला मी आहे. ही गोळी अचानक थांबवली तर शरीर भडकतं. काहींना झटकेसुद्धा येतात. नशीब बायको शहाणी आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "नाना, खरं सांगा. गोळी कमी करू म्हटलं, तेव्हा तुमचा चेहरा का उतरला होता?"

नानांनी अक्षरांचा तक्ता शोधावा तशी भिंतीवर नजर फिरवली. मग सांगून टाकलं. "गोळीशिवाय मी स्टेजवर उभा राहू शकणार नाही. पुन्हा ते येईल."

"येईल की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येणारच. आगाऊ पाहुण्यासारखं येईल, ऐसपैस बसेल, आणि कोणी विचारत नाही म्हटल्यावर उठून जाईल. तुम्ही घर सोडून पळायचं नाही, एवढंच. त्याचाच तर सराव करताय समुपदेशकाकडे."

गोळी पुन्हा सुरू झाली आणि मग सावकाश उतरत गेली. आधी थोडी कमी, मग अर्धी, तिथे बरेच दिवस मुक्काम, मग पाव, आणि शेवटी बंद. एखाद्या आठवड्यात नाना कुरकुरले तर डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मग थांबू इथेच. आपल्याला कुठली गाडी पकडायचीये?" तोवर नानांचं पाकीट वहिनींच्या कपाटात कुलपात असायचं.

तिसरा प्रयोग तक्क्याच्या हट्टामुळे ठरला. नाना म्हणत होते, दुसरा घरमालक बघा. तक्क्या दुकानात येऊन उंच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मला उडी मारायचीये. आणि कपाट तुम्हीच उघडायचं. दुसऱ्या कोणी उघडलं तर मी बाहेरच येणार नाही."

"अरे, मी तुला जवळजवळ..."

"मी मागितली, तुम्ही दिलीत, वर मी बाटली रिचवली. दोषाचे तुकडे करायचेच तर तुमच्या वाट्याला अर्धा येतो. मग? येताय ना?"

प्रयोगाच्या दुपारी रंगपटात सरांनी शिट्टी वाजवली आणि जाहीर केलं, "आज ज्याला जसं वाटेल तसं करा." मंडळी बावरली. ताईला केळं बसून खावं की उभ्याने, हेच सुचेना.

पहिला अंक धडाक्यात गेला. ताई अशी किंचाळली की हॉलमधलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. दारं धडाधड आपटत होती. आणि दुसऱ्या अंकात, बाहेरून बाईसाहेबांनी दार ठोठावलं आणि नानांनी उत्तर द्यायचं, त्याच जागी ते आलं. छातीत धडधड. कानशिलं गरम. वाक्य डोक्यातून पुसलं गेलं, पाटी धुवावी तसं.

आलास, नाना मनाशी म्हणाले. बस.

ते जागचे हलले नाहीत. एक श्वास सोडला, लांब. विंगेतून वहिनींनी हळूच वाक्य दिलं. नानांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा दिलं. छे. बाहेर बाईसाहेब दार ठोठावतच होत्या. शेवटी वहिनींचा धीर सुटला आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, 'मी घरात नाही' म्हणा!"

नानांनी विंगेकडे वळून तितक्याच मोठ्याने सांगितलं, "अगं, तेच म्हणायला सुचत नाहीये!"

मग जे हास्य उसळलं, ते थांबेना. एका बाजूने ओसरलं की दुसऱ्या बाजूने उठायचं. दाराबाहेर उभ्या बाईसाहेब हसत होत्या, त्यांच्या ठोठावण्याचा ताल चुकत होता. विंगेत वहिनी पदराचा बोळा तोंडात कोंबून स्टुलावर हलत होत्या. नाना मधोमध उभे होते. छाती धडधडत होती, गुडघे लटपटत होते, आणि हे सगळं घरमालकाला इतकं शोभून दिसत होतं की लोकांना ते अभिनयच वाटत होतं. पहिल्यांदाच नानांना कुठे जावंसं वाटत नव्हतं.

कपाटाच्या फटीतून तक्क्याची कुजबूज आली, "नाना, उघडा की! पाय आखडले!"

"थांब जरा," नाना ओठ न हलवता म्हणाले. "लोक हसतायत. मजा येतेय."